दोनदा ओढलेला दोर

मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, तेलाचा. आता माझ्यात तेल नाही. माझ्या पोटात नांगराच्या जुन्या फाळाचा एक तुकडा तारेने लोंबतो आहे आणि मी पेरूच्या झाडाला टांगलेला आहे. वैरागच्या अलीकडे सोलापूरच्या रस्त्यावर एक फाटा लागतो. तिथून आत ज्वारीच्या बांधाने चालत गेलात, तर ही बाग दिसेल. मी मधल्या ओळीत आहे. गंजामुळे पानांत पटकन ओळखू येत नाही.

मित्रांनो, डब्यालाही बालपण असते. मी सोलापूरच्या बाजारातून करडईचे तेल भरून निघालो आणि वैरागला राजेसाब बागवान यांच्या घरी आलो. त्या दिवशी त्यांच्या घरी मुलीचा अकीका होता. मुलगी झाली म्हणून गावजेवण होते. माझ्यातले सगळे तेल त्या एका दिवसात संपले. मुलीचे नाव यास्मीन ठेवले.

मग माझे झाकण कापले गेले आणि मला तीन दगडांवर बसवून यास्मीनच्या आंघोळीचे पाणी तापवू लागले. राजेसाब यांची बायको मदिनाबी कोपर बुडवून पाणी पाहत असे. ती मुलगी माझ्यातल्या पाण्याने न्हाऊन मोठी झाली. जाळाने माझा तळ झिजला, एका कोपऱ्यातून पाणी गळू लागले. भंगारवाला दारात आला तेव्हा मदिनाबी त्याला म्हणाली, "त्याला हात नको लावू. लेकरू न्हालंय त्याच्यात."

अशा रीतीने मी बागेत आलो.

राजेसाब दरवर्षी हंगामापुरती पेरूची बाग राखायला घेत. बागेच्या तोंडाशी खोप घालून नवरा-बायको तिथेच राहत. पेरू पिकायला लागला की राघूंचे थवे उतरतात. राघू एक पेरू कधी पुरता खात नाही. चोच मारतो, टाकतो आणि दुसऱ्याकडे जातो. त्यांना हाकलायला माझी नेमणूक झाली. माझ्या दोन बाजूंना भोके पाडून दोन दोर बांधले. एक दोर खोपीपर्यंत गेला. दुसरा बागेच्या पलीकडच्या बांधापर्यंत गेला. तिथे लिंबाखाली बसून राजेसाब माल निवडत. दोराच्या त्या टोकाला फास होता आणि राजेसाब तो पायाच्या अंगठ्यात अडकवत. हात पेरू निवडायला मोकळे राहत. राघू दिसले की नुसता पाय झटकायचा. मी खणखणत असे आणि थवा उडत असे.

एक टोक ओढले की मी हलायचो आणि दुसऱ्या टोकालाही ओढ बसायची. यावरून मदिनाबीने एक रीत पाडली. भाकरी झाली की ती खोपीतून दोर ओढायची. दोनदा ओढायची आणि थांबायची. दोनदा म्हणजे जेवायला या. राजेसाब अंगठा सोडवून उठत, वाटेत रांजणावर हात धूत आणि खोपीकडे येत. उशीर झाला तर तिचा आवाज यायचा, "अजी, येताव की न्हाई? का राघूलाच वाढू?"

"राघू पेरू सोडून तुझी भाकरी खाईल व्हय?" असे म्हणत ते येत.

माझे काम लोकांना आवडत असे. बागेचे मालक एकनाथराव म्हणत, "असला आवाज पंचक्रोशीत न्हाई." स्तुती ऐकून बरे वाटे. पण एक गोष्ट खरी होती. माझ्याजवळ कोणी येत नसे. ज्याचे काम हाकलण्याचे, त्याच्या फांदीवर चिमणीही बसत नाही. दोराच्या दोन टोकांना दोन माणसे होती, म्हणून मला ते खुपत नव्हते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मदिनाबी वारली.

हंगाम आला तसे राजेसाब एकटेच बागेत आले. खोपीकडचा दोर कुडाला गुंडाळून ठेवला. पहिल्या काही दिवसांतच माझ्या लक्षात आले की काहीतरी बदलले आहे. राघू ओरडत मागून यायचे, तरी राजेसाब मान वर करत नसत. थवा नजरेसमोर आला तरच पाय झटकत. मी खणखणत होतो तेव्हाही ते माझ्याकडे नाही, पाखरांकडे पाहत. उडाली म्हणजे वाजले, असा त्यांचा हिशेब होता.

राजेसाब यांना ऐकू येईनासे झाले होते. आधी थोडे कमी येत होते. तेव्हा मदिनाबी जवळ येऊन बोलायची, म्हणून कोणाला कळले नाही. आता ती नव्हती.

त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. एकनाथराव मोटारसायकलवरून येत आणि हॉर्न वाजवत. राजेसाब जागचे हलत नसत. शेवटी एकनाथराव समोर येऊन उभे राहत. "राजेसाब, हॉर्न मारून मारून बॅटरी उतरली की माझी! तंद्री लागली व्हय?"

"व्हय मालक," राजेसाब मान हलवून म्हणत. ते प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणू लागले होते.

खोपीत पिशवीत एक बटणांचा फोन टांगलेला असे. तो संध्याकाळी वाजायचा. राजेसाब चार हातांवर चुलीपाशी बसलेले असत. फोन वाजून वाजून थांबायचा. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे कोणाचा फोन येऊन गेला हे नंतरही कळायचे नाही. कधी कधी ते फोन हातात घेत, उलटासुलटा पाहत आणि पुन्हा पिशवीत ठेवत. एकदा स्वतःशीच म्हणाले, "पोरगी इसरली."

मित्रांनो, त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीत होते आणि मला फक्त खणखणता येत होते. ज्याच्यासाठी मी वाजत होतो त्यालाच मी ऐकू येत नव्हतो. त्या महिन्यांइतके एकटेपण मी हंगाम संपल्यावर अडगळीत पडून असतानाही पाहिले नव्हते.

फोन यास्मीनचा होता. ती सोलापुरात सासरी असते. आईच्या चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, तिला येता आले नव्हते. तिची मुलगी फिरदोस तेव्हा तापाने दवाखान्यात होती. तिने त्या दिवशी फोन केला, वडिलांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही उचलला नाही. वैरागच्या माणसांना विचारले तर ते म्हणाले, म्हातारा ठणठणीत आहे, बाग राखतोय. तेव्हा तिने एकच अर्थ काढला. अब्बा रागावले. आईच्या चाळिसाव्याला न आलेल्या लेकीशी त्यांना बोलायचे नाही. हे सगळे मला ती बागेत आली त्या दिवशी कळले, तिच्याच तोंडून.

ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसे बाहेर पडायच्या बेतात होती. दुपार व्हायची होती. यास्मीन फाट्यावर एसटीतून उतरून बांधाने आली. तिच्या बोटाला फिरदोस होती, पाच वर्षांची. तिने बाग पहिल्यांदाच पाहिली.

"अम्मी, एवढे सगळे पेरू नानाचे?"

"राखायचे तेवढे नानाचे."

खोपीपाशी येऊन यास्मीनने हाक मारली, "अब्बा!"

ओळींच्या मधून राजेसाब दिसत होते. लिंबाखाली पाठमोरे बसून क्रेटमध्ये कागद अंथरत होते. तिने पुन्हा हाक मारली. याच वेळी ते उठले आणि मागे न पाहता पलीकडच्या ओळीत गेले. क्रेट आणायला गेले होते. मला माहीत होते, तिला नव्हते. ते क्रेट घेऊन परत आले, पाठ करून बसले, अंगठ्यात फास अडकवला.

तिसरी हाक मोठी होती. त्या हाकेने राघू उडाले. राजेसाब पेरू पुसत राहिले.

यास्मीनचा चेहरा उतरला. तिने पिशवी खांद्यावर घेतली. "चल फिरदोस. बारा वाजता गाडी आहे."

"पण नानांना भेटायचंय की!"

"त्यांना आपल्याला भेटायचं न्हाई. इतक्या हाका मारल्या, बघितलं का त्यांनी? इतके फोन केले..."

"मला भूक लागलीय."

"गाडीत खा."

मी त्या वेळी वाजू शकलो असतो तर वाजलो असतो. पण डबा आपणहून वाजत नाही. वाराही पडलेला होता. ती मुलीला घेऊन फिरली असती तर पुन्हा या बांधाने आली नसती, हे तिच्या चालण्यावरून दिसत होते.

फिरदोसने हात सोडवून घेतला. कुडाला गुंडाळलेला दोर तिला दिसला होता. "अम्मी, हाच का गं तो? नानी ओढायची तो?" आईने झोपताना सांगितलेली बागेची गोष्ट तिच्या ध्यानात होती. "थांब, मी नानांना जेवायला बोलावते."

"नको, राहू दे."

पण तिने दोर सोडवलाही होता. दोन्ही हातांनी, मागे रेलून तिने तो ओढला. एकदा. मग पुन्हा एकदा. आणि थांबली.

मी खणखणलो. पण त्या दिवशी माझ्या आवाजाने काही झाले नाही. जे झाले ते दोराने. दुसऱ्या टोकाला राजेसाब यांच्या अंगठ्याला दोनदा ओढ बसली.

त्यांचा हात पेरूवर थांबला. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मग पायाकडे पाहिले. मग सावकाश मान वळवून खोपीकडे पाहिले. तिथे ओढणीतली एक बाई उभी होती आणि दोर धरलेली एक लहान मुलगी.

ते उठले. वाटेत रांजणापाशी थांबले, हात धुतले आणि ओले हात तसेच पुढे धरून खोपीकडे आले.

"आलीस?" ते म्हणाले. "मला वाटलं, इसरलीस."

यास्मीनच्या मनात साठलेले सगळे बाहेर पडले. "मी इसरले? अब्बा, कितीदा फोन केला! आत्ता इथं उभं राहून घसा फोडला. तुम्ही उठून तिकडं निघून गेलाव!"

"व्हय," राजेसाब म्हणाले.

"व्हय काय? रागावलाव न्हवं माझ्यावर?"

"व्हय, व्हय. बस की."

ते तिच्या ओठांकडे पाहत होते. एवढ्यात त्यांच्या मागे फिरदोसने दोर जोरात ओढला. तिला माझा आवाज आवडला होता. तिने तो पुन्हा पुन्हा ओढला. सगळी बाग खणाणली. यास्मीनने दचकून कानावर हात ठेवले. राजेसाब यांची पापणीही हलली नाही.

यास्मीनने कानावरचे हात खाली घेतले. ती वडिलांच्या अगदी समोर आली आणि तिने एकेक शब्द सुटा करून विचारले, "अब्बा, कधीपासनं?"

ते म्हणाले, "तुझी अम्मी होती तवा निभत होतं. कुणाला सांगू नको बेटा. राखणदाराला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर बाग कोण देईल? आन् बाग न्हाई तर त्या रिकाम्या घरात मी काय करू?"

यास्मीन रडली. राजेसाब यांनी आपल्या ओल्या हातांनी तिचे डोळे पुसायचा प्रयत्न केला, त्यामुळे तोंड आणखी ओले झाले आणि ती हसली. मग तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडली. तिघे खोपीच्या दारात जेवले.

जेवणानंतर राजेसाब नातीला बाग दाखवायला निघाले. फिरदोसने एक युक्ती काढली होती. काही बोलायचे असले की ती त्यांचे बोट दोनदा ओढायची. ते वाकत आणि कान तिच्या तोंडाशी नेत. त्यांनी तिला पेरू कसा पिरगळून काढायचा ते दाखवले. देठाला दोन पाने ठेवायची, म्हणजे फळ ताजे दिसते. सालीवरचा हिरवा रंग उतरून पोपटी आला की काढायचा. माझ्या झाडाखाली तिला चोच मारलेला एक पेरू सापडला. तिने दुसऱ्या बाजूने चावा घेतला आणि बोट ओढले.

"नाना, हा तर सगळ्यात गोड हाय!"

"राघूला कळतं की. पिकलेलाच फोडतो."

"मग त्याला हाकलता कशाला?"

राजेसाब हसले. मदिनाबी गेल्यानंतर मी ते हसणे पहिल्यांदा ऐकले. "सगळे त्यालाच दिले तर तू आल्यावर तुला काय देऊ?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "नाना, तो डबा एकटाच हाय का?"

त्यांना ते ऐकू गेले नाही आणि या वेळी ती बोट ओढायला विसरली.

संध्याकाळी यास्मीनने एकनाथरावांना गाठून सगळे सांगितले. राजेसाब खाली मान घालून उभे होते. एकनाथराव म्हणाले, "आन् मी उगाच हॉर्नवर हॉर्न मारत होतो. हंगाम पुरा करा, राजेसाब. मी समोरनं येत जाईन." हंगाम संपेपर्यंत दर रविवारी यास्मीन आणि फिरदोस येत राहिल्या. पुढे राजेसाब लेकीकडे सोलापूरला राहायला गेले. तिथे त्यांच्या कानाला यंत्र बसवायचे ठरले होते. बसवले की नाही, मला कळलेले नाही. बागेत बातम्या येत नाहीत.

ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी फिरदोसने जाता जाता माझा दोर ओढला. दोनदा ओढला आणि थांबली. पलीकडच्या बांधावर फास रिकामा पडलेला होता. तो जरासा हलला. ती मात्र नानांचे बोट धरून बांधाने निघून गेली होती.

या वर्षी बागेवर जाळी टाकली आहे. राघू आत येत नाहीत. माझी गरज राहिलेली नाही आणि काढून ठेवायला कोणाला सवड नाही. पावसाने फाळाचा तुकडा गंजून पत्र्याला चिकटत चालला आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी काही करा असे मी म्हणत नाही. मी पत्रा आहे. पण तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस असेल, त्याला हाक मारलीत आणि ते वळले नाही, तर रागावून परत फिरू नका. जवळ जा. त्याच्या बोटाला धरा. त्याला हाक पोहोचली नसेल, म्हणून तुम्हीही पोहोचू नये असे थोडेच आहे?

माझे दोन्ही दोर अजून बांधलेले आहेत. वारा सुटला की ते हलतात आणि मी थोडा वाजतो. प्रत्येक वेळी मी मोजतो. वारा कधी एकदाच ओढतो, कधी ओढतच राहतो. दोनदा ओढून तो कधी थांबत नाही.