आखलेली जागा

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या नामाक्वालँडमध्ये ऑगस्टात, फुलांच्या दिवसांत, कबरस्तानात जायचं तर अकरानंतर. तोवर डेझी मिटलेल्या असतात. उन्हाला पाठ करून चालायचं, म्हणजे सगळी फुलं आपल्याकडे तोंड करून उभी दिसतात. हे मला बाबांनी शिकवलं. आई गेल्यापासून, मी घरी असले की या दिवसांत दर रविवारी आम्ही दोघं असे चालायचो. आधी नारिंगी ताटवे, मग जांभळे, मग टेकाडाखालचे पांढरे. बोलणं कमीच. वर्षातलं तेवढंच सुख आम्ही न विचारता घ्यायचो.

आईच्या शेजारी बाबांची जागा होती. तिला पुरलं त्याच दिवशी त्यांनी पांढऱ्या गारगोट्या मांडून ती आखली. आमच्याकडे मागे राहिलेला जोडीदार आखतोच. अशा जागेवर कुणी पाय ठेवत नाही, कुदळ लावत नाही. नऊ वर्षं न हललेल्या त्या मातीतच मला कंदातून उगवणारं एक फूलझाड सापडलं. बोटाएवढं झाड, पिवळं फूल, तळाशी तपकिरी ठिपका. पुस्तकांच्या मते ते जगातून नाहीसं झालेलं होतं. एक्केचाळीस झाडं. मी केपटाउनहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच परतले होते. मोजमापं, फोटो, नकाशा, सगळं सरकारी कचेरीत पाठवलं.

उत्तर चर्चच्या नावे आलं. दुर्मीळ झाडांना धक्का लागू नये म्हणून या आवारात यापुढे दफन करू नये. नवी जागा डांबरी रस्त्यापलीकडे, खाणीच्या ढिगाऱ्याजवळ.

चर्चचा कारभार बघणारे फ्लोरिसकाका बाबांकडे बघून हसले. "तुझ्या जागेत पाहुणे घुसले, ऑटो! आणि आवतण तुझ्याच लेकीचं."

त्या रविवारी बाबांनी कुदळ आणली. "उपट. एक्केचाळीसच आहेत ना?"

"बाबा, ही जगात आणखी कुठे..."

"तुझी आई आहे का जगात आणखी कुठे?"

"मी पुन्हा लिहिते त्यांना."

"काय लिहिशील? चुकून मोजलं म्हणून?"

मी कुदळ घेतली. फुलं पूर्ण उघडली होती. मी तशीच उभी राहिले. बाबांनी थोडी वाट पाहिली, मग माझ्या हातातून ती काढून घेतली. वाटलं, आता घाव घालतील. त्यांनी ती खांद्यावर टाकली.

"फ्लोरिसला सांगतो, ढिगाऱ्याजवळ माझी आखून ठेव. एकट्याची."

आणि ते सरळ त्या पिवळ्या फुलांतून फाटकाकडे निघाले. त्यांच्या बुटाखाली एक देठ आडवा झाला. मी आधी तो सरळ केला, दोन खड्यांचा टेकू दिला, आणि मग हाक मारली. तोवर ते फाटकाबाहेर पडले होते.