आधीचा कप्पा, नंतरचा कप्पा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. स्टीलचा, उभट, एकावर एक दोन कप्पे असलेला. वरच्या कप्प्यावर खिळ्याने 'आधी' असे कोरले आहे आणि खालच्यावर 'नंतर'. बुडाला एक पोचा आहे. तो कसा पडला ते मला आठवत नाही.

मी एका लहानशा कारखान्यात तयार झालो. सपाट पत्र्याला यंत्राने एका दणक्यात खोलगट केले, कडा वळवल्या, बाजूला दोन कड्या बसवल्या. पॉलिश करणाऱ्या बाईने मला फिरत्या चाकावर धरले आणि स्वतःचा चेहरा माझ्यात पाहून पुढचा डबा उचलला. दुकानाच्या फळीवर मी बराच काळ होतो. मग एका शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईंनी मला घरी नेले. कप्प्यांवरची अक्षरे त्यांनीच कोरली.

बाई शाळा सुटल्यावर थेट जिममध्ये जात. आठवड्यातले चार दिवस वजने, दोन दिवस धावणे. साडेचार वाजता शिक्षकांच्या खोलीत त्या माझा वरचा कप्पा उघडत. वजनांच्या दिवशी त्यात केळे आणि पावाचे दोन तुकडे असत, धावण्याच्या दिवशी फक्त अर्धे केळे. "धावताना पोटात ओझं नको," असे त्या म्हणत. साडेपाचला व्यायाम सुरू होई. तो संपला की तासाभराच्या आत खालचा कप्पा: दोन उकडलेली अंडी, बटाटा, घट्ट दही.

हे सगळे भरून देत त्यांच्या आई. त्या लेकीकडेच राहत. बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. ते हसत.

"जेवणाचं वेळापत्रक? परीक्षा आहे का तुझी?"

"रोजच आहे. वेळेवर दिलं नाही तर शरीर आपल्यालाच खायला लागतं."

"मला नाही खात ते."

"तुम्हाला चवच नसेल," बाई म्हणत आणि आई पदराआड हसत.

अशी सहा वर्षे गेली. जिममधल्या इतर बायका मला हातात घेऊन बघत, कुठे मिळाला म्हणून विचारत. ते दिवस चांगले होते, असे मी आता म्हणतो. तेव्हा ते नुसते दिवस होते.

एका सकाळी शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभे करताना बाई खाली बसल्या. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दुपारपर्यंत सगळे संपले. मी त्यांच्या पिशवीत होतो, दोन्ही कप्पे भरलेले. पिशवी कोणी उघडली नाही. अकराव्या दिवशी आईंनी मला बाहेर काढले. दह्याचे काय झाले होते ते सांगत नाही. त्यांनी मला तीन वेळा घासले, पुसले आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. त्या रडल्या नाहीत. हात धुतले आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

मित्रांनो, त्या फळीवर मी दोन वर्षे होतो. कपाटाचे दार नीट लागत नसे, म्हणून मला स्वयंपाकघर दिसे. सासू आणि जावई एका घरात राहत होते, दोन भाडेकरूंसारखे. आईंचा गावाकडचा मुलगा फोन करून त्यांना बोलवी. त्या म्हणत, "बघू." जावई चहा पिऊन कामावर जात आणि येऊन चहाच पीत. ताट वाढले तर दोन घास खाऊन उठत. भांडण नव्हते. कोणी कोणावर रागावलेही नव्हते.

मग जावयांच्या हातातली ताकद गेली. लिफ्टच्या मोटरवरचे झाकण त्यांना उचलवेना. साहेबांनी डॉक्टरकडे पाठवले. डॉक्टर म्हणाले, स्नायू झिजत चाललेत, वजने उचला, चाला, नीट खा. त्यांनी पहिल्या दोन गोष्टी ऐकल्या. बाई जात त्याच जिममध्ये नाव घातले, कारण रस्ता माहीत होता.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिथली ट्रेनर त्यांना दंडाला धरून घरी घेऊन आली. कपाळावर तीन टाके होते. वजने उचलून झाल्यावर ते ट्रेडमिलवर चढले होते आणि पाचव्या मिनिटाला कोसळले होते.

"आजी, यांनी दुपारी काय खाल्लं होतं?" ट्रेनरने विचारले.

आईंनी जावयांकडे पाहिले.

"चहा," ते म्हणाले.

"आणि सकाळी?"

"चहाच."

"दादा, रिकाम्या पोटी वजनं उचलून वर धावायचं म्हणजे विहीर कोरडी असताना पंप चालवणं आहे. पंपच जळणार. आधी थोडं खायचं, नंतर नीट खायचं. आणि धावणं वेगळ्या दिवशी. ताई कसं खायच्या, बघितलंय ना तुम्ही?"

ट्रेनर गेली. आईंनी स्टूल ओढले, त्यावर चढल्या आणि मला खाली काढले.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा भरला जाऊ लागलो. केळे, पाव, अंडी, बटाटा, दही. आईंना सगळे पाठ होते.

"मला भूक नसते, आई," जावई म्हणाले.

"भुकेचं कोण विचारतंय? घड्याळ बघा. साडेचारला वरचा, व्यायाम झाला की खालचा."

ते तसेच करू लागले. साडेचारला कामावरच्या बाकावर बसून, फॉर्म भरावा तसे ते केळे खात. चव लागत होती की नाही कळत नसे. पण कप्पे रिकामे होऊन घरी जात. दोन महिन्यांत ते दुप्पट वजन उचलू लागले. मोटरवरचे झाकण एकट्याने निघू लागले. ट्रेनर म्हणाली, "छान." ते "हो" म्हणाले आणि टॉवेल घेऊन निघाले.

आता एक गोष्ट सांगतो. ती फक्त मला माहीत होती. माझ्या कड्या रोज सकाळी आई लावत. पूर्वी एका अंगठ्याने खट्‌कन लागत. मग दोन्ही अंगठे लागू लागले. मग त्या मला ओट्यावर दाबून धरत आणि सगळा भार टाकत. कड्या त्याच होत्या.

एका गुरुवारी डावी कडी लागलीच नाही. पिशवीत दही सांडले. जावई व्यायाम न करताच घरी परतले.

"आई, कडी नीट लावत जा. सगळी कागदपत्रं भिजली."

"लावते. बसत नाही ती."

"बघू." त्यांनी एका बोटाने कडी दाबली. ती लागली. मग ते आईंच्या हाताकडे पाहू लागले. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर अंडी उकडायचे एक पातेले होते आणि एक चहाचा कप. दुसरे काही भांडे ओले नव्हते.

"तुम्ही दुपारी काय जेवलात?"

"जेवले की."

"काय?"

आईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "चहाबरोबर बिस्कीट. मला कुठं वजनं उचलायचीत?"

"किती दिवस असं चाललंय?"

"ती गेल्यापासून."

जावई खुर्चीवर बसले. कपाळावरची टाक्यांची खूण त्यांनी बोटाने चाचपली. मी टेबलावर होतो, दह्याने बरबटलेला.

"मी तीन महिने तुमच्या हातचा डबा खातोय," ते म्हणाले, "आणि एकदाही विचारलं नाही."

"तुम्हाला कुठं सुचत होतं. मलाही नाही सुचलं."

त्यांनी खालचा कप्पा उघडला. अंडी शाबूत होती. एक बशीत काढून त्यांनी आईंसमोर सरकवले आणि मीठ आणून ठेवले. आईंनी अंडे बराच वेळ हातात धरून ठेवले. मग खाल्ले. तेही खात होते. कोणी रडले नाही. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होते, ती सुरू होत नव्हती.

आता आईही मंगळवारी आणि शुक्रवारी जिममध्ये येतात. ट्रेनर त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावते. पहिल्या दिवशी दोनदा जमले, आता नऊदा जमते. मुलाला त्यांनी फोनवर सांगितले, "सध्या नको, माझा व्यायाम चालू आहे." त्या घरात हसणे अजून फारसे ऐकू येत नाही. पण सकाळी जावई कणीक मळतात, आई अंडी सोलतात, आणि ताटे दोन मांडली जातात.

मित्रांनो, मला घासून कोरडे करून ठेवा, म्हणजे मी पुष्कळ वर्षे टिकेन. आत काय भरायचे आणि कधी खायचे, हेही शिकून घ्या. शरीराला वेळेवर द्या. पण डबा उघडाल तेव्हा तो कोणी भरला ते आठवा, आणि घरी गेल्यावर त्या माणसाला विचारा, तू जेवलास का, तू जेवलीस का. मला त्या कड्यांवरून सगळे कळत होते, पण विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.