घड्याळवालीच्या चिमट्यातली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी गोळी आहे. कुत्र्याच्या पोटातले जंत मारणारी. हसू नका! तरुणपणी माझा असा दरारा होता, की माझं नाव ऐकताच जंत गाठोडं बांधून निघायचे. एकाने तर जाताना मागे वळून दारही लोटून घेतलं होतं, "वारा शिरेल" म्हणून. खोटं वाटतं? कुत्र्याला विचारा.

कारखान्यात पांढऱ्या पिठीचा ढग असतो. त्या ढगातून मशीनने मला एका ठोक्यात बाहेर काढलं आणि नऊ बहिणींबरोबर चंदेरी पाकिटात झोपवलं. मग जनावरांच्या दवाखान्यातलं कपाट. तिथला कंपाउंडर आमचं फार कौतुक करायचा. एक दिवस त्याने आम्हाला खिशात घातलं आणि स्वतःच्या थोरल्या बहिणीकडे नेलं.

ती घड्याळं दुरुस्त करायची. खोलीत चाळीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. एका भिंतीवर सकाळ, तर समोरच्या भिंतीवर तिन्हीसांजा. त्या टिकटिकीत माझा डोळा लागायचा आणि मी पुन्हा ढगात तरंगायची.

घड्याळवालीला कॅन्सर झाला होता. दर तीन आठवड्यांनी माणसांच्या दवाखान्यात कॅन्सरच्या औषधाची ड्रिप लावायचे. दोन झाल्या, आणि त्या औषधाने बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून निसटायची. बोटंच गेली तर तिने करायचं काय?

"ताई, या गोळीने कॅन्सर विरघळतो म्हणे," भाऊ म्हणाला. "मोबाइलवर एक जण शपथेवर सांगत होता."

"अरे, मी काय कुत्रा आहे?"

"भुंकतेस तर तशीच!"

हसली बिचारी. पण घेतली. रोज एक, डॉक्टरांना न सांगता. ही लागू पडली की ड्रिप बंद, असा तिचा बेत.

आणि मी? मी फुगले! एकेक बहीण जात होती, आणि मी पाकिटात पडून स्वप्नं बघत होते. चौकात माझा पुतळा, त्याच्यावर कबुतर बसू नये म्हणून पहारेकरी, आणि पहारेकऱ्याला डुलकी लागू नये म्हणून आणखी एक पहारेकरी.

दहाव्या दिवशी माझी पाळी आली. तिने मला तळहातावर घेतलं, पाण्याचा पेला उचलला, आणि फोन वाजला.

"काल दिलेल्या रक्तात तुमचं लिव्हर बिघडलेलं दिसतंय," नर्स म्हणाली. "उद्याची ड्रिप नाही. लगेच या."

तिने मला स्क्रूच्या डबीत टाकलं आणि ती डबी घेऊन निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी काही घेताय का?" तिने डबी उघडली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत अशा औषधांनी कॅन्सरच्या काही पेशी मेल्यात, हे खरंय. पण माणसाचा कॅन्सर बरा होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि लिव्हर हिनेच बिघडवलं असेल. बंद करा."

घड्याळवालीने मनगटावरचं घड्याळ चाचपलं.

"टेबलावर उघडं घड्याळ छान चालतं," ती म्हणाली. "तरी मी ते गिऱ्हाइकाला देत नाही. आधी तीन दिवस माझ्या मनगटावर बांधते. तिथे हिसके बसतात, घाम लागतो. निम्मी तिथेच बंद पडतात. आणि ही मात्र मी टेबलावरूनच गिळली!"

"पण का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बोटं हो. बधिर होतायत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"जिवापुढे बोटांचं काय रडायचं, म्हटलं."

"रडा की! रोजचं रोज सांगा. त्यावरून डोस कमी करता येतो, औषधही बदलता येतं."

माझा फुगा तिथेच फुटला. लिव्हर ताळ्यावर यायला महिना गेला. महिनाभर कॅन्सरला मोकळं रान मिळालं, मित्रांनो, आणि त्यात माझा वाटा होता. भाऊ दाराशी मान खाली घालून बसायचा. "ये आत," ती म्हणायची, "भुंकत नाही मी."

मग बेताच्या डोसने ड्रिप पुन्हा सुरू झाली. आणि मला काम मिळालं. रोज सकाळी घड्याळवाली मला चिमट्याने उचलते, या डबीतून त्या डबीत, दहा वेळा. मी पडले की वहीत फुली. वही डॉक्टरीणबाई वाचतात आणि डोस ठरवतात. कॅन्सरच्या कामी मी आले ती अशी, न गिळता!

आता माझी तारीख उलटलीय, कडाही झिजल्यात. म्हणून एवढंच सांगते: कुणी शपथेवर सांगितलं तरी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि घेतलीच असेल, तर लपवू नका.

काल दोन फुल्या होत्या. थांबा, तिने चिमटा उचलला. चाळीस घड्याळं श्वास रोखून बसलीत. तुम्हीही जरा हलू नका.