तासाभरात जुळलेलं हाड

व्यायामशाळेच्या सभागृहात त्या रविवारी माणसांपेक्षा कुत्रीच शहाण्यासारखी बसली होती. कुणी चादरीत, कुणी टोपलीत, कुणी मालकाच्या मांडीवर. मालक मात्र एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून व्यासपीठाकडे बघत होते. तिथं पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ उभा होता. तो स्वतःला पेशीतज्ज्ञ म्हणवत असे. लोकांनी त्याचं 'पेशीबाबा' केलं होतं आणि ते त्याला चांगलंच मानवलं होतं. शेजारच्या टेबलावर निळा दिवा लावलेलं एक यंत्र घरघरत होतं.

"हाड मोडत नसतं, हाड रुसतं," पेशीबाबा सांगत होता. "त्याच्या आत मूळ पेशी झोपलेली असते. मी तिला कुत्र्याच्याच रक्तातून जागी करतो आणि पायात सोडतो. तास पुरतो. प्लास्टर घालणं म्हणजे रुसलेल्या माणसाला खोलीत कोंडणं."

लोकांनी माना डोलावल्या. घरातलं रुसलेलं माणूससुद्धा तासाभरात हसत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ऐन वेळी कुणाला आठवलं नाही.

तिसऱ्या रांगेत सुतार बसला होता. त्याच्या मांडीवर पाचर होती. दार लावायला जावं तर नेमकी मध्ये येऊन बसायची, म्हणून कुत्रीचं नाव पाचर. बायको गेल्यापासून घरात बोलायला तेवढीच होती. गल्लीत एका स्कूटरनं तिचा पुढचा पाय मोडला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घालून बजावलं होतं की हाड जाग्यावर आहे, फक्त ते हलू द्यायचं नाही. सुतार बाईंचं ऐकतही होता. पण शेजारच्या रंगवाल्यानं त्याचं मन फिरवलं.

रंगवाला म्हणजे सुताराचा जिवलग. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून उभी होती. त्यानं कधी सुताराला पातळ केलेलं व्हार्निश विकलं नव्हतं, आणि सुताराच्या लेखी माणसाची पारख तिथंच पुरी होत होती. "माझ्या लाल्याचा पाय असाच मोडला होता," रंगवाला म्हणाला, "पेशीबाबानं तासात जुळवला, आता बघ कसा धावतो. तुझ्या पाचरला का कुढत ठेवतोस?" त्याचा कुत्रा लाल्या खरोखरच धावत होता. सुतारानं आदल्या संध्याकाळी आपल्या बारीक करवतीनं पाचरचं प्लास्टर कापलं. एक केसही न तुटता ते निघालं, याचं त्याला कौतुक वाटलं.

एरवी हाच सुतार गिऱ्हाइकांवर खेकसायचा. सांध्याला सरस लावून शिकंजा कसला की वाळेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही, असा त्याचा दंडक होता. घाई करणाऱ्याला तो सरळ सांगायचा, "खुर्ची घेऊन जा, पण बसू नका." लाकडाच्या बाबतीत जे त्याला पाठ होतं, ते हाडाच्या बाबतीत त्याच्या डोक्यात आलंच नाही. माया आंधळी असते म्हणतात. त्या दिवशी ती बहिरीही होती.

पेशीबाबानं पाचरचं थोडं रक्त काढलं, यंत्रात फिरवलं आणि खांद्याजवळ, मग पायात सुया टोचल्या. काही वेळानं त्यानं तिला जमिनीवर ठेवलं आणि सुताराला हाक मारायला सांगितली.

"चल, पाचर," सुतार म्हणाला.

आणि पाचर चालली. पंजा मधूनमधून उलटा पडत होता, पण कण्हणं नव्हतं, लंगडणं नव्हतं. "नवा पाय आहे, चालायला शिकतोय," पेशीबाबा म्हणाला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सुताराच्या डोळ्यांना धारा लागल्या. रंगवाल्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात सुताराला सख्ख्या भावाचा वाटला.

अंधार पडायच्या आत पाचर ओरडू लागली. असं ओरडणं सुतारानं कधी ऐकलं नव्हतं. पाय सुजून लाकडासारखा झाला होता, आणि हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं होतं. तिला उचलून तो डॉक्टरीणबाईंकडे धावला.

बाईंनी पाय बघितला, खांद्याजवळच्या सुयांच्या खुणा बघितल्या आणि किती चालवलं ते विचारलं. सुतार तरीही पेशीबाबाची बाजू घेत होता. तिला दुखत नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणत होता.

"दात काढताना हिरडीत सुई मारतात ना, काका?" बाई म्हणाल्या. "त्यानंतर गाल चावला गेला तरी कळत नाही. म्हणून दात बरा झाला म्हणायचं का? त्यानं पाय बधिर केला. दुखणं हा तिचा पहारेकरी होता. त्याला झोपवलं आणि मोडक्या हाडावर तिला चालवलं."

बाईंनी हाड बसवायचा प्रयत्न केला. पण जखम चिघळली, विष वर चढू लागलं, आणि शेवटी पाय काढावा लागला. त्या दिवसांत सुताराला जेवण गोड लागलं नाही. पेशीबाबाचा राग होताच, पण त्याहून एक वाक्य त्याला आतून पोखरत होतं. तिनं पाय टेकला तो पेशीबाबाच्या सांगण्यावरून नव्हे. "चल" तो स्वतः म्हणाला होता, आणि त्याच्या शब्दावर तिचा विश्वास होता.

पेशीबाबा पुन्हा आला त्या दिवशी सभागृह अधिकच भरलं होतं. सुतार आणि डॉक्टरीणबाई पाचरला घेऊन मागे उभे राहिले. एक करडा कुत्रा 'बरा' होऊन चालू लागला, टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा बाई पुढे गेल्या. मालकाची परवानगी घेऊन त्यांनी कुत्र्याला आडवं निजवलं आणि चांगल्या पायाच्या बोटाला चिमटा काढला. कुत्र्यानं पाय झटकन ओढून घेतला. मग त्यांनी 'जुळलेल्या' पायाच्या बोटाला चिमटा काढला. कुत्रा खुशाल जांभई देत राहिला.

"जोरात काढा," गर्दीतून कुणी म्हणालं. मालकानं स्वतः काढून पाहिला. काही नाही.

"पेशी नव्या आहेत, अजून झोपेत आहेत," पेशीबाबा म्हणाला.

"मघाशी तर तुम्ही त्यांना उठवलं होतं," पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, आणि हशा पिकला. तेवढ्यात बाईंनी यंत्राचं झाकण उघडलं. आत पंख्याची मोटर आणि निळा बल्ब होता. रक्ताची कुपी बाजूलाच पडून होती. शेजारच्या बाटलीवरचं नाव बाईंनी वाचून दाखवलं. टोचलं जात होतं ते बधिर करणारं औषध.

मग बाईंनी समजावून सांगितलं. मूळ पेशी खोट्या नाहीत. कुत्र्याच्या चरबीतून किंवा हाडातल्या मज्जेतून त्या घेतात, बहुतेकदा प्रयोगशाळेत वाढवतात, हाड पट्टीनं नाहीतर स्क्रूनं घट्ट धरतात आणि मगच तिथं सोडतात. त्यावर अजून अभ्यास चालू आहे. उपयोग झाला तरी हाडाला जुळायला आठवडे लागतातच. खऱ्या विद्येचं नाव उसनं घेतलं की खोटं जास्त खपतं, एवढंच.

गर्दीतून कुणी ओरडलं, मग लाल्याचं काय? लाल्या तर व्यासपीठावरच बसला होता, जिवंत पुरावा म्हणून. बाईंनी त्याचे चारही पाय चाचपले. मोडून जुळलेल्या हाडावर जी गाठ राहते, ती कुठंच लागत नव्हती. सुतार रंगवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.

"लाल्याचा पाय कधी मोडला होता?"

रंगवाल्यानं लाल्याला जवळ ओढलं.

"मोडलाच नव्हता ना?"

"मला वाटलं, सुईनं नुकसान तर काही होणार नाही," रंगवाला हळूच म्हणाला. "त्यानं दर कुत्र्यामागे वाटा देईन म्हटलं होतं. तू आपला माणूस. तू आलास की बाकीचे येतील असं वाटलं."

सुतारानं हात उगारला नाही. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्यानं फसवलं की शिवीसुद्धा सुचत नाही. तो मागे गेला, पाचरला उचलून आणलं आणि व्यासपीठाजवळ ठेवलं. तीन पायांवर ती उभी राहिली. पेशीबाबा मागच्या दाराकडे सरकत होता. दोघा-चौघांनी त्याला धरून बसवलं आणि पोलिसांना बोलावलं.

पाचरनं गर्दीत नजर फिरवली. तिला ओळखीचा माणूस दिसला. उड्या मारत ती रंगवाल्याकडे गेली, त्याच्या चपलेवर डोकं ठेवलं आणि शेपटी हलवू लागली. रंगवाल्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

"बघा," सुतार लोकांना म्हणाला. "हिला काय झालं ते हिला कळलेलं नाही. ती मुकी आहे, तिला विचारता येत नाही. मला तोंड होतं. हाड एका तासात कसं जुळेल, एवढंच मी विचारायला हवं होतं. माझा माणूस सांगतोय म्हणून मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. आपल्या माणसाला तर आधी विचारा."