सहनशीलतेचं पान

मुलांना शिकवण्याची पहिली जबाबदारी परमेश्वराने सरकारवर नाही, शाळेवर नाही, तर आईबापांवर सोपवली आहे. हे वाक्य आमच्या गिलियड ख्रिश्चन अकादमीच्या दारावर पितळी अक्षरांत लावलेलं आहे आणि मी ते मनापासून मानतो. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तर फारच मानतो, कारण त्या तीन दिवशी माझी मुलगी शाळेत असते.

मंगळवारी आणि गुरुवारी ती घरी असते. आमच्या शाळेची रीतच ती. तीन दिवस वर्गात, दोन दिवस घरी. वर्गातले शिक्षक धडा देतात, घरातलं माणूस तो करून घेतं, आणि त्या माणसाला शाळा 'सहशिक्षक' म्हणते. पगार सोडला तर बाकी सगळं शिक्षकासारखंच आहे: वेळापत्रक, तपासणी, शेरे, आणि मुख्याध्यापकांची पत्रं.

ऑगस्टपर्यंत आमच्या घरचं सहशिक्षकपद माझी बायको टॅमरा सांभाळत होती. मग काउंटीच्या इस्पितळाने तिची ड्युटी नेमकी मंगळवार-गुरुवारी लावली. मी गारपिटीने फुटलेली छपरं तपासतो. टेक्सासात गारांना तोटा नाही, त्यामुळे मलाही कामाला तोटा नाही. तीन दिवस छपरावर, दोन दिवस घरी बसून विमा कंपनीसाठी अहवाल.

"तू घरीच तर असतोस," टॅमरा म्हणाली.

हे वाक्य ज्याने एकदा ऐकलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

हॅटी बारा वर्षांची, सातवीत. आमच्याकडे मुलं बापाला 'सर' म्हणतात. परगावच्या पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटतं. 'हो, सर' हे दोन शब्द किती अपमानकारकपणे उच्चारता येतात, हे त्यांनी हॅटीच्या तोंडून ऐकलेलं नसतं.

मंगळवारी नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅटिन सुरू व्हायचं. मला बापाने ट्रॅक्टर शिकवला, आजोबांनी मासे साफ करायला शिकवलं. लॅटिन कोणीच शिकवलं नाही. माझ्या पुस्तकात शेवटी उत्तरं होती आणि हॅटीच्या पुस्तकात नव्हती, एवढ्या भांडवलावर मी गुरू होतो.

"डॅडी, हे असं का होतं?"

"होतं म्हणून होतं. पुढचं घे."

"पण वर्गात लॅटिनचे मिस्टर व्हॉन म्हणतात, प्रत्येक गोष्टीला कारण असतं."

"मग उद्या मिस्टर व्हॉनना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, मंगळवारी डॅडींना विचार."

इथवर येईतो साडेनऊ व्हायचे आणि खिडकीबाहेर डेबोरा ओरडायला लागायची.

डेबोरा ही हॅटीची शेळी. गेल्या वसंतात दोन आठवड्यांची असताना आणलेली, बाटलीने दूध पाजून वाढवलेली. त्याच्या थोडं आधी, जानेवारीत, हॅटी काउंटीच्या जनावरांच्या प्रदर्शनात कठड्याला रेलून दुसऱ्यांच्या शेळ्या बघत बसली होती. घरी परतल्यावर गाडी थांबताच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी आत असेन." डेबोरा आल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ ती तिला फिरवायची, खरारा करायची, आणि चार पाय चौकोनात ठेवून स्थिर उभं राहायला शिकवायची. प्रदर्शन जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी. त्यासाठी एक फॉर्म लागतो: या विद्यार्थ्याचा अभ्यास व्यवस्थित चालू आहे, खाली मुख्याध्यापकांची सही. ती नसेल तर रिंगणात प्रवेश नाही. हॅटीचा अभ्यास व्यवस्थित होता. त्यामुळे त्या फॉर्मचा विचारही माझ्या मनात आला नाही.

प्रदर्शनाच्या आठवड्यात मंगळवारी मुख्याध्यापक डॉक्टर क्रॅबट्री यांचं पत्र आलं. हॅटीचा अभ्यास: समाधानकारक. सहशिक्षकाचा अभ्यास: अपूर्ण. सबब फॉर्मवर सही करता येत नाही.

नव्या सहशिक्षकाला पहिल्या सहामाहीत नऊ चिंतनपानं लिहावी लागतात. बायबलात पवित्र आत्म्याची फळं, म्हणजे सद्गुण, नऊ, म्हणून पानं नऊ. प्रीती, आनंद, शांती इथपासून थेट इंद्रियदमनापर्यंत. तो गुण घरच्या शिकवणीत कसा अनुभवाला आला ते पालकाने लिहायचं आणि खाली मुलाने सही करायची: 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' आठ पानं मी एका शनिवारी दुपारी बसल्या बैठकीला हातावेगळी केली होती. शांतीचं पान तर फुटबॉलचा सामना बघता बघता. 'आनंद'वर सही करताना हॅटीने पेन जरा वेळ हवेत धरलं होतं, पण केली. सहनशीलतेचं पान राहून गेलं होतं. लिहायला धीर नव्हता.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, नापास नेमकं कोण झालंय?"

"नापास कुणीच नाही, वेल्डन. अपूर्ण."

"पण शेळी घेऊन मी जात नाहीये. हॅटी जातेय."

"घर एकच असतं ना, वेल्डन." डॉक्टर फोनवर हसले की ते ऐकू येतं. "शुक्रवारी तीनपर्यंत पान आणून द्या, मी तिथल्या तिथे सही करतो. प्रार्थना करतोय तुमच्यासाठी."

आमच्या भागात शेवटचं वाक्य निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. हा त्यातला चांगला अर्थ नव्हता.

गुरुवारी लॅटिन बाजूला सारून मी पान लिहिलं. 'सहनशीलता हे असं बीज आहे, जे घरच्या शिकवणीच्या सुपीक मातीत रोज थोडं थोडं रुजतं. हॅटीबरोबर घालवलेल्या प्रत्येक सकाळी मला या सद्गुणाची नवी ओळख होत गेली...' चांगलं पानभर होतं. गारांनी छप्पर फुटलेलं नसताना ते फुटलं असं लिहिणाऱ्यांची पत्रं मी वीस वर्षं वाचतोय. शैली आपोआप येते.

हॅटीने पीनट बटर लावलेला पाव खात ते सगळं वाचलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"सही नाही करता येणार, सर."

"का?"

"खरं नाहीये."

"हॅटी, हे चिंतन आहे. चिंतनात खरं-खोटं नसतं."

"खाली लिहिलंय, 'माझ्या माहितीप्रमाणे'. आणि मला माहितीये. मी इथेच बसलेली असते."

"शनिवारी शेळी न्यायचीय ना?"

"हो, सर."

"मग कर सही."

"खोटी सही करून शेळी नेली तर ते खोटं बोलणंच झालं. बायबलच्या तासाला झालंय आमचं."

"आनंदावर कशी केलीस मग?"

"तुमच्या मनात आनंद होता की नाही, ते मला कसं कळणार? संशयाचा फायदा दिला." तिने बोटावरचं पीनट बटर चाटलं. "सहनशीलता ऐकू येते. या महिन्यात चार वेळा आली नाही."

"चार?"

"लिहून ठेवलंय मी. वहीत."

यावर बापाने काय करावं याचं मार्गदर्शन सहशिक्षकांच्या पुस्तिकेत आहे. बापाने थांबावं, खोल श्वास घ्यावा आणि मुलाच्या डोळ्यांत पाहावं. मी ओरडलो, लॅटिनचं पुस्तक उचललं आणि मागच्या दारातून भिरकावलं. ते अंगण ओलांडून डेबोराच्या कुंपणात पडलं. डेबोराने आधी हुंगलं आणि मग सत्तेचाळीस ते बावन्न पानं खाल्ली.

"पाच," हॅटी म्हणाली.

मग ती उठली आणि बाहेर गेली. जाताना तिची हनुवटी थरथरत होती. हट्ट आणि रडू एकाच वेळी कसं करायचं, हे तिने आईकडून घेतलंय.

मी इस्पितळात फोन लावला. टॅमरा जेवायला बसली होती.

"ती सही करत नाहीये."

"का?"

"म्हणते, खोटं आहे."

"आहे का?"

"टॅमरा, प्रश्न तो नाहीये. तिचीच शेळी आहे! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय पोरगी."

"वेल्डन, तीन वर्षं त्या शाळेत आपण तिला कशासाठी पाठवतोय? तिने खोटं बोलू नये म्हणूनच ना?"

"हो, पण इतकं?"

पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तिचं बरोबर आहे. आणि तू ओरडू नकोस," आणि फोन ठेवला.

मी खिडकीशी गेलो. हॅटीने डोळे पुसले होते आणि डेबोराला उभं करायला घेतलं होतं. डेबोरा तीन पाय नीट ठेवायची आणि चौथा उचलायची. हॅटी वाकून तो पुन्हा जागेवर ठेवायची. डेबोरा उचलायची. हॅटी ठेवायची. बोटं गारठून लाल झाली होती, पण आवाज नाही, ओढाताण नाही, 'उद्या मिस्टर व्हॉनना विचार' नाही. मी अकरापर्यंत मोजलं. बाराव्या वेळी शेळी उभी राहिली. माझं पित्त पुन्हा खवळलं, कारण आता खरं लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नवीन पान सहा ओळींचं झालं. हॅटी आत आली आणि पेन्सिल घेऊन तपासायला बसली.

"'आवाज थोडा चढला' नाही. 'ओरडलो'."

"बरं."

"'पुस्तक हातातून सुटलं' नाही."

"किती बघशील?"

"'फेकलं'. दोन वेगळी क्रियापदं आहेत, डॅडी."

शेवटी मजकूर असा झाला: 'या सहामाहीत मला सहनशीलता अनुभवाला आली नाही. मुलीत दिसली, पण ती शेळीच्या बाबतीत. जानेवारी महिन्यात मी पाच वेळा ओरडलो. पाचव्या वेळी लॅटिनचं पुस्तक फेकलं. त्याची सहा पानं शेळीने खाल्ली. पुस्तक शाळेचं आहे.'

हॅटीने ते दोनदा वाचलं. 'जानेवारी'ची वेलांटी दुरुस्त केली. मग जीभ बाहेर काढून, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

"डॉक्टर नाही म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर डेबोरा घरी राहील," ती म्हणाली. पण पेनाचं टोपण लावायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

आमची शाळा बाप्टिस्ट चर्चच्या मागच्या इमारतीत भरते. रविवारी ती जागा चर्चला लागते, म्हणून दर शुक्रवारी तीन वाजता पालक जमून टेबलं मिटतात आणि खुर्च्यांची चळत लावतात. मी कागद खिशात घालून पोचलो तेव्हा शार्लिन ऑग्डेन खुर्च्या मोजत होती. शार्लिनला सात मुलं आहेत, ती पाव घरी भाजते, आणि तिच्या घरचं वेळापत्रक प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं असतं. तिच्या एझ्राचीही शेळी होती.

"वेल्डन, कुठलं पान राहिलं होतं म्हणे तुमचं?"

"सहनशीलता."

"अय्या! ते तर आमचं पहिल्याच आठवड्यात झालं."

"झालं असेल."

"नाही, सोपं आहे ते. मुलांनीच सुचवलं काय लिहायचं."

मी टेबलाचं एक टोक उचललं. दुसरं टोक डॉक्टर क्रॅबट्रींनी उचललं. हॅटी दप्तर छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती आणि पापणी लववत नव्हती. मी टेबल खाली ठेवून पान पुढे केलं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागदाच्या तळाशी पाहिलं, आणि म्हणाले, "दोन सह्या. उत्तम." त्याच टेबलावर फॉर्म ठेवून त्यांनी आपली सही केली. माझं पान त्यांनी खुर्चीवरच्या खोक्यात टाकलं. खोकं भरलेलं होतं.

आता इथे गप्प बसावं की नाही? पण आदल्या दिवसापासून खरेपणाची बाधा झालेली होती.

"वाचणार नाही?"

"वेल्डन," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "ही पानं मी वाचायला लागलो, तर सोमवारी वर्गात बसवायला एकही मूल उरणार नाही. तुमच्या बाजूने उचला जरा."

मी उचललं. भिंतीशी हॅटीने तेव्हा कुठे दप्तर खाली ठेवलं.

शनिवारी उत्तरेचा वारा सुटला होता आणि प्रदर्शनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये भुसा उडत होता. दारातल्या बाईने फॉर्म घेतला आणि कॉफीचा पेला त्यावर ठेवला. हॅटीने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, केस इतके घट्ट बांधले होते की भुवया वर गेल्या होत्या. टॅमराने रजा टाकली होती. ती कठड्याशी माझा दंड धरून उभी होती.

"तू ओरडू नकोस," ती म्हणाली.

"मी कशाला ओरडू?"

"आनंदानेसुद्धा नको. शेळी बुजेल."

परीक्षक रिंगणात फिरले. डेबोराने तीन पाय नीट ठेवले, चौथा उचलला. हॅटी वाकली, तो जागेवर ठेवला आणि परीक्षकांच्या डोळ्यांत पाहत उभी राहिली. डेबोरा हलली नाही. परीक्षकांनी पाठीवरून हात फिरवला, हॅटीला काहीतरी विचारलं, ती काहीतरी बोलली, दोघं हसली. तिला लाल फीत मिळाली. निळी शार्लिनच्या एझ्राला.

"डॅडी, दुसरी!" कठड्यावरून उडी मारून ती माझ्या अंगावर आली. शर्टावर शेळीचा वास, हातात फीत. "डेबोरा दुसरी आली!"

मी ओरडलो. संध्याकाळपर्यंत मी माझ्या आईला, टॅमराच्या दोन्ही बहिणींना, मिस्टर व्हॉनना आणि विमा कंपनीतल्या साहेबांना फोन करून कळवलं की काउंटीच्या प्रदर्शनात आमची शेळी दुसरी आली.

त्या गटात शेळ्या दोन होत्या.