दहाव्या गोळीनंतरचं सफरचंद

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डावीकडे तांबड्या मातीचा उभा बांध दिसतो. बांधापुढे सीडरच्या लाकडाच्या दोन खांबांमध्ये साखळीला टांगलेला, ट्रॅक्टरच्या कुळवाचा जुना लोखंडी तवा. उजवीकडे फळ्यांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे बर्लचं कुरण. चाळीस वर्षं मी त्या खिडकीशी उभी राहून भांडी घासत आले आणि चाळीस वर्षं संध्याकाळी पाच वाजता माझा नवरा होबर्ट आणि शेजारचा बर्ल त्या तव्यावर नेम धरत आले.

रायफल लहान, तिच्यात दहा गोळ्या. पाच याच्या, पाच त्याच्या, आणि मग बंद. गोळी लागली की ठण्ण असा नाद उठायचा, ओढ्यावरून जायचा, पलीकडच्या टेकडीला शिवून परत यायचा. होबर्टच्या पाचही लागायच्या. बर्लची एखादी तरी बांधात जायची, बहुतेक दुसरीच. होबर्ट त्याला म्हणायचा, तू नेम धरलास की मी तव्याला टेकून बसतो, तिथे काही धोका नाही. बर्ल म्हणायचा, माती मऊ पडावी म्हणून मुद्दाम मारतो, पुढच्या वर्षी तिथे बटाटे लाव.

रविवारी रायफल बाहेर निघत नसे. हरणांच्या शिकारीचे दिवस जवळ आले आणि मोठ्या बंदुकीचा नेम जुळवून घ्यायचा झाला, तर बर्ल आधी खोऱ्यातल्या सगळ्या घरांना फोन करायचा, कुणाचं बाळ झोपलंय का, कुणाची गाय विणार आहे का, ते विचारायचा. त्यामुळे आमच्या त्या आवाजाबद्दल कुणाची कधी तक्रार आली नाही.

फेब्रुवारीत बर्ल गेला. दवाखान्यात आठ दिवस होता. त्याची थोरली बहीण, मिस लुरीन, मेम्फिसहून आली. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, लग्न केलेलं नाही, पाठ ताठ, बोलणं मोजकं. बर्लने तिच्याकडून एकच शब्द घेतला, तो डीकनचा. डीकन म्हणजे त्याचं खेचर. एकतीस वर्षांचं, दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पडदा. तोंड लांब, चेहरा चर्चमधल्या कारभाऱ्यासारखा गंभीर, म्हणून हे नाव. त्याला विकायचं नाही, कुठे पाठवायचं नाही, त्याचा शेवट त्याच्याच कुरणात व्हायला हवा, असा तो शब्द. लुरीनने शाळेचं सामान बांधलं, शहरातलं घर सोडलं आणि भावाच्या घरी राहायला आली.

एप्रिलमध्ये होबर्टने पुन्हा रायफल काढली. आता दहाही त्याच्याच. मी खिडकीतून बघत होते. पहिला नाद झाला आणि कुरणाच्या टोकाला चरणाऱ्या डीकनचे कान ताठ झाले. तिसऱ्याला तो धावत सुटला. त्याला कुंपण दिसत नव्हतं, फळ्यांवर छाती आदळली तरी तो थांबला नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. दहावी गोळी झाली आणि तो मान वर करून असा ओरडला की माझ्या हातातली थाळी पाण्यात सुटली.

तीन दिवस असंच झालं. चौथ्या दिवशी मिस लुरीन आमच्या पडवीत आली. बसा म्हटलं तर बसली नाही. डीकनच्या छातीवरून रक्त आलं होतं, तिच्या बाहीला त्याचा डाग होता.

"मिस्टर होबर्ट, जमीन तुमची आहे, हक्कही तुमचा," ती म्हणाली. "पण तो आंधळा आहे हो. गोळी कुणावर चाललीय ते त्याला कसं कळणार?"

होबर्टने टोपी काढली. "बरं, मिस लुरीन," एवढंच म्हणाला. संध्याकाळी रायफल पुसली, तेल लावलं आणि कपाटात कोटांच्या मागे उभी केली.

मी त्याच्यावर चिडले. ते जनावर त्याच आवाजात म्हातारं झालंय, हे तिला सांगायला काय हरकत होती? त्याने कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "तिने विचारलं नाही, नेल्डा, तिने सांगितलं. आणि बर्लची बहीण आहे ती."

त्यानंतर पाच वाजले की होबर्ट पडवीत बसायचा. हाताला काम नाही. घड्याळाला चावी द्यायचा, पुन्हा द्यायचा. दोस्त गेला तेव्हा तो रडला नव्हता. मला वाटायचं, रोजच्या त्या दहा गोळ्यांत तो थोडं थोडं रडून घेत होता, आणि आता तेही बंद झालं. मिस लुरीन गाडीतून जाताना हात उचलायची, आम्हीही उचलायचो. तेवढाच शेजार राहिला होता.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस लागला. ओढा फुगला आणि कुरणाच्या खालच्या अंगाला पाण्यावरून घेतलेलं तारेचं कुंपण वाहून गेलं. चौथ्या सकाळी पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. धुक्यात टेकडी गेली, धुक्यात कोठार गेलं, धुक्यात आमची पडवीची पायरी गेली. मी टेबलाशी बसून मुरंब्यासाठी सफरचंदं सोलत होते, तेव्हा दारावर थाप पडली.

मिस लुरीन होती. पायात घरातल्या सपाता, चिखलाने भरलेल्या. अंगात बर्लचा तपकिरी जाड कोट, हातात दोर. पाठ ताठ नव्हती. डीकन कुरणात नाही, ती म्हणाली, ओढ्याकडचं कुंपण गेलंय, तासभर हाका मारतेय, आणि धुक्यात आपलीच हाक कुठून येतेय ते कळत नाही.

ओढ्यापलीकडे दगडाची जुनी खाण आहे. कडेला कठडा नाही, चाळीस फूट खाली पाणी. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. होबर्ट बूट चढवू लागला.

"मी त्याला शब्द दिला होता," मिस लुरीन म्हणाली. डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून तिने कोटाच्या खिशात हात घातला. बाहेर आलं ते सुकून आक्रोडाएवढं झालेलं सफरचंद. फेब्रुवारीपासून तिथेच राहिलेलं. कोट एवढ्या महिन्यांत तिने आजच घातला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मीही.

आणि एवढी वर्षं खिडकीतून पाहिलेलं मला तेव्हा कुठे दिसलं. दहावी गोळी झाली की होबर्ट रायफल घेऊन आत यायचा, तिची नळी साफ करायला बसायचा. बर्ल मात्र आत यायचा नाही. तो खिशात हात घालत कुंपणाच्या कोपऱ्याकडे चालत जायचा. तिथे डीकन उभा असायचा. बर्लच्या तळहातावर सफरचंद असायचं. थंडीत तळघरातलं, उन्हाळ्यात झाडाखालचं, पण रोज. होबर्टची तेव्हा पाठ असायची. मी बघत होते आणि चुलीवरच्या बटाट्यांचा विचार करत होते.

"तो घाबरत नव्हता," मी म्हणाले. "लुरीन, तो बर्लला शोधत होता गं."

मी सगळं सांगितलं. तव्याचा आवाज म्हणजे बर्ल येणार, बर्ल म्हणजे सफरचंद. एप्रिलमध्ये आवाज झाला, बर्ल आला नाही. फळ्या आडव्या आल्या म्हणून तो फळ्यांवर आदळत होता.

होबर्ट उठून कपाटाकडे गेला. कोट बाजूला सारले, रायफलीवर हात ठेवला. मग हात काढून घेतला. समोर काय आहे ते दिसत नाही तोवर नळी उचलायची नाही, हा त्याच्या बापाचा नियम, आणि आज त्या धुक्यात एक म्हातारं जनावर फिरत होतं. तो कोठारात गेला आणि हातोडा घेऊन आला.

मी टोपल्यातलं सगळ्यात मोठं सफरचंद मिस लुरीनच्या हातात दिलं आणि तिला कुंपणाच्या कोपऱ्यात उभं केलं. धुक्यात होबर्ट दिसत नव्हता, नुसता तवा वाजू लागला. ठण्ण ठण्ण ठण्ण ठण्ण, आग लागल्यावर घंटा बडवावी तसा.

"तसं नको," मी ओरडून सांगितलं. "नेम धरतोस तसं मार."

आवाज थांबला. नंतर जो आला तो मला ओळखीचा होता. श्वास घेतला, अर्धा सोडला, धरला. ठण्ण. पुढची गोळी भरताना खटका मागे, खटका पुढे व्हावा, एवढा वेळ गेला. ठण्ण. तीन. चार. पाच. मग जरा जास्त वेळ, रायफल एका हातातून दुसऱ्या हातात जावी एवढा. सहा. आणि सातव्याला काहीच नाही. मी वाट बघितली. धुक्यातून होबर्टचा आवाज आला.

"ही बर्लची चुकली."

आठ. नऊ. दहा.

दहाव्याचा नाद ओढ्यावरून गेला, टेकडीला शिवला, परत आला आणि विरला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. मिस लुरीनने हात पुढे केला होता, तळवा सपाट, वर सफरचंद. किती वेळ गेला कोण जाणे. मग खाली पाण्यात खळबळ झाली. दगडावर नाल वाजली. एक, थांबून दुसरी. जपून, चाचपत, पण वाट न चुकता, उतारावरून पावलं वर आली आणि धुक्यातून आधी दोन लांब कान निघाले, मग ते गंभीर तोंड.

तो फळीपर्यंत आला आणि थांबला. या खेपेला छाती आदळली नाही. त्याने आधी कोटाची बाही हुंगली, मनगटापासून खांद्यापर्यंत, मग पुन्हा मनगटापर्यंत. मग सफरचंद घेतलं. मिस लुरीनने त्याच्या मानेवर कपाळ टेकवलं आणि डीकन चावत राहिला, रस तिच्या सपातांवर सांडत राहिला.

होबर्ट हातोडा घेऊन आला तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं. धुकं फार आहे, म्हणाला. आम्ही दोघींनी मान डोलावली.

त्या दिवशी दुपारपर्यंत होबर्टने ओढ्यावर नवी तार ओढली. मिस लुरीन खांब धरून उभी होती आणि खांब वाकडा बसतोय हे त्याला चार वेळा सांगत होती. जेवायला तिघांनी मक्याची भाकरी आणि घेवडा खाल्ला. सपाता चुलीशी वाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला.

"नेल्डा, पाच वाजून चार मिनिटं झालीत," लुरीन म्हणाली. शाळेतला आवाज होता, उशिरा आलेल्यांसाठी राखून ठेवलेला. "डीकन कोपऱ्यात उभा आहे, मी पण कोट घालून उभी आहे. तुझ्या नवऱ्याला वर्गात यायचंय की नाही ते विचार."

होबर्टने ते ऐकलं होतं. कपाटाचं दार वाजलं, कोट बाजूला सरले. मी भांडी पाण्यात टाकली आणि खिडकीशी उभी राहिले. त्याने बांधाकडे नीट पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, हात वर केला. पलीकडून तपकिरी बाहीतला हात वर झाला.

पाच लागल्या. सहावीही लागली. सातवीला त्याने जरा जास्त वेळ घेतला, आणि ती मातीत गेली.