तिथल्या तिथे

मजकुरातला अनावश्यक शब्द काढून टाकणं हा मनुष्यजात सुसंस्कृत करण्याचा एकमेव मार्ग आहे, अशी बाईंची श्रद्धा होती. त्या मार्गानं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून एकतीस वर्षं मनुष्यजातीची सेवा केली. मनुष्यजात त्या काळात मुख्यतः खोकल्याच्या औषधाची माहितीपत्रकं छापून घेत होती.

निवृत्तीनंतर बाईंनी मांजरं हाती घेतली. वसाहतीत चार इमारती, एक बंद पडलेलं कारंजं आणि अकरा बेवारशी मांजरं होती. सहा महिन्यांत अकराची वीस होत, मग कोणीतरी गोणी घेऊन निघे आणि वीसची पुन्हा अकरा होत. याला वसाहतीत ‘आपोआप कमी होतात’ असं म्हणत.

बाईंना ते बघवेना. त्यांनी पिंजरा आणला आणि दोन वर्षं एकेक मांजर धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई पिल्लं होणार नाहीत अशी शस्त्रक्रिया करत आणि मांजर गुंगीत असतानाच त्याच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापत. याचं झालंय, हे लांबून कळावं आणि त्याच जिवाला पुन्हा पिंजरा दिसू नये, एवढ्यासाठी. मग बाई ते मांजर ज्या जिन्याखालून उचललं त्याच जिन्याखाली आणून सोडत. सगळी मेख तिथेच होती. आपल्या जागेवर बसलेलं मांजर परक्याला फिरकू देत नाही. जागा मोकळी झाली की नवं बिऱ्हाड येतं. हे बाईंनी वसाहतीच्या समितीला इतक्या वेळा समजावलं होतं, की बाई जिन्यात दिसल्या तर सभासद लिफ्टनं जात.

समितीचे अध्यक्ष बाईंचे सख्खे दीर. भाऊजी मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त कोणाचा वाईटपणा घ्यायचा नसे, आणि त्यातून व्हायचं तेवढं वाईट होत असे. यंदा कारंज्यावरचं म्हातारं मांजर मेलं आणि त्याच्या जागी दोन परकी आली, धडधाकट कानांची. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या गाडीवर ओरखडे काढले. वकील म्हणाले, सगळीच उचला. भाऊजींनी मधला मार्ग काढला: पिंजरेवाला बोलवायचा, नवी दोन डॉक्टरीणबाईंकडे पाठवायची, जुन्या दहांना हात लावायचा नाही.

“वहिनी, ठराव तुम्हीच लिहा,” ते म्हणाले. “मी लिहिला तर वकील त्याचं भरीत करतील. तुमच्या भाषेत खोट काढायची कोणाची छाती नाही.”

बाई सुखावल्या. त्यांनी लिहिलं: ‘कान कापलेली मांजरे चुकून पिंजऱ्यात आल्यास ती तिथल्या तिथे सोडावीत, बाकीची डॉक्टरांकडे न्यावीत.’ मग सवयीनं लाल पेन घेतलं. ‘चुकून’ काढलं, पिंजऱ्यात मुद्दाम कोण येतं? ‘पिंजऱ्यात आल्यास’ काढलं. सोडायचं म्हणजे आधी धरलेलं असणारच. राहिलं ‘तिथल्या तिथे’. दोन वर्षं आपण दुसरं काय करतोय? तेही काढलं. उरलं ते वाक्य रेखीव होतं: ‘कान कापलेली मांजरे सोडावीत, बाकीची डॉक्टरांकडे न्यावीत.’ ठराव एकमतानं मंजूर झाला. वकिलांनीसुद्धा मान डोलावली, आणि तेव्हाच बाईंनी सावध व्हायला हवं होतं.

पिंजरेवाला आला त्या आठवड्यात बाई बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या होत्या. चार दिवसांनी परतल्या, तर सकाळी दारात पोस्टमास्तर नव्हता. पोस्टमास्तर म्हणजे करडा बोका. रोज चारही जिने चढून तो प्रत्येक दाराशी दोन मिनिटं थांबे. बाईंनी मांजरांना खाऊ घालायची ताटली वाजवली. कोणीच आलं नाही. कारंज्यावरून ती दोन परकी मांजरं तेवढी बघत राहिली.

भाऊजींचा चेहरा केलेल्या मदतीनं उजळला होता. नवी दोन काही सापडली नाहीत, अंगाला हात लावू देत नाहीत, पण कानवाली दहाच्या दहा गेली, असं ते सांगत आले. “ठरावात ‘सोडावीत’ होतं, म्हणजे आधी धरायला हवीतच. पण पिंजऱ्याजवळ येईनात हो. मग मीच तुमची ताटली वाजवली. एका हाकेला आली सगळी.”

बाईंनी पिंजरेवाल्याला गाठलं. तो सरळ माणूस होता. त्यानं खिशातून ठरावाची घडी काढली.

“बाई, इथं ‘सोडावीत’ लिहिलंय. तशी सोडली.”

“कुठे?”

“कुठे ते लिहिलं नव्हतं. मग खाणीपलीकडे सोडली. जवळ सोडली की परत येतात.” बाईंचा चेहरा बघून त्याला राहवलं नाही. “हळूच सोडली हो. आपटली नाहीत.”

बाई तीन दिवस खाणीवर गेल्या. दगडफोडे काम थांबवून बघत: चष्म्यातल्या एक बाई ढिगाऱ्यांमधून ताटली वाजवत फिरताहेत. तिथली कुत्री मात्र नियमानं येत, आणि त्यांना बघून बाईंना पुढचं काही विचारावंसं वाटेना. तिसऱ्या दिवशी एका खडकावर कान कापलेलं मांजर दिसलं. बाई धडपडत वर गेल्या. कापलेला कान उजवा होता. डॉक्टरीणबाई डावाच कापत. म्हणजे आणखी कुठल्यातरी वसाहतीत, आणखी कोणीतरी, असंच नेटकं लिहिलं असणार.

महिनाअखेर भाऊजी वार्षिक अहवाल घेऊन आले. वहिनी, एवढ्यावर नजर फिरवा, म्हणाले. सातव्या पानावर होतं: ‘मांजरांचा प्रश्न समितीने तिथल्या तिथे कायमचा सोडवला.’

बाईंनी ते वाक्य बराच वेळ वाचलं. लाल पेन हातात होतं.

“जास्तीचा शब्द आहे का एखादा?” भाऊजींनी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “राहू द्या तसंच.”

अहवाल छापून आला त्या दिवशी वकिलांच्या जिन्याखाली परक्यांपैकी एकीला पाच पिल्लं झाली. दहाही कान शाबूत होते.